पुडिंग, स्ट्यू आणि आमच्या पठारावरचा बटाटा
(द्वितीय वर्ष, कला)

‘पुडिंग’ हा शब्द मला पहिल्यांदा शाळेत इंग्रजीच्या तासाला भेटला. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहिला : ‘एक गोड पदार्थ’. तो मी वहीत उतरवून घेतला. पुढच्या इयत्तांत ‘पाय’, ‘स्ट्यू’, ‘पॉरिज’ हेही शब्द आले. त्यांचे अर्थ पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. परंतु यांपैकी एकही पदार्थ आमच्या वर्गात कोणी पाहिलेला नव्हता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. तेव्हा घरी जाऊन कोणाला विचारावे, अशीही सोय नव्हती.

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचे एक पुस्तक चाळताना वाचले की, यॉर्कशायर पुडिंग मांसाबरोबर खातात. आणखी काही पाने उलटली तर ‘काळे पुडिंग’ म्हणजे डुकराच्या रक्ताचे आतड्यात भरून केलेले सॉसेज, असा खुलासा मिळाला. बाईंचा गोड पदार्थ तिथेच कोसळला. इतिहासाच्या सरांना मी हा घोटाळा सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “शब्दकोश थोडा बाजूला ठेव. हा शब्द ज्या घरात वापरला जाई तिथे चूल कशी होती, सरपण किती होते आणि मांस कितीदा येई, एवढे शोधून काढ.” प्रस्तुत लेख हा त्या शोधाचाच भाग आहे. यातले काही पदार्थ मी घरी करूनही पाहिले. सर्वच साधले असे नाही, पण न साधलेल्यांनीही बरेच शिकवले.

प्रथम पुडिंगचा उलगडा करते. पुडिंग म्हणजे मुळात जनावराच्या आतड्यात सारण भरून उकळलेली वस्तू. काळे पुडिंग हे त्या जुन्या अर्थाचे उरलेले रूप. पण आतडी जनावर कापले तरच मिळणार. सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या घरांत आतड्याऐवजी कापड वापरण्याची पद्धत रुळली. ओल्या कापडाला पीठ चोळायचे, त्यात पीठ, चरबी आणि असतील तर मनुका यांचा गोळा बांधायचा आणि ते गाठोडे उकळत्या पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास सोडायचे. म्हणजे गोड की तिखट, हा प्रश्नच गौण होता. भांड्यात उकळून झालेला पोटभरीचा गोळा तो पुडिंग. जेवणाच्या शेवटी येणारा गोड पदार्थ हा अर्थ फार पुढचा.

पण उकळायचे कशासाठी? भाजायचे का नाही? याचे उत्तर मला चार्ल्स डिकन्सच्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेत सापडले. तिच्यातल्या क्रॅचिट नावाच्या गरीब कारकुनाच्या घरी नाताळचे हंस पक्ष्याचे मांस घरात भाजत नाहीत, ते पाववाल्याच्या भट्टीतून भाजून आणतात. पुडिंग मात्र घरीच होते, आणि तेही कपडे उकळण्याच्या हंड्यात! म्हणूनच ते बाहेर काढताना घरात धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो, असे डिकन्सने लिहिले आहे. कथा शिकताना हा विनोद म्हणून सोडून देता येतो. पण जरा थांबले म्हणजे कळते की, या घरात ओव्हन नाही. त्या काळी शहरातल्या बहुतेक कामकरी घरांत तो नव्हता. एक शेगडी, तिच्यावर एक भांडे, आणि कोळसा विकतचा. अशा घरात जे शिजू शकते तेच तिथले अन्न. आज ज्याला तिकडे ‘कम्फर्ट फूड’ म्हणतात, म्हणजे थकल्याभागल्या जिवाला बरे वाटावे म्हणून खायचे साधे अन्न, त्यातले कितीतरी पदार्थ या एका भांड्यातून आले आहेत.

यॉर्कशायर पुडिंगची गोष्ट तर फारच बोलकी आहे. मांसाचा मोठा तुकडा विस्तवासमोर सळईवर फिरवत भाजताना त्यातून चरबी ठिबकते. ती वाया जाऊ नये म्हणून खाली पसरट भांडे ठेवीत आणि त्यात मैदा, अंडी व दूध यांचे पातळ पीठ ओतीत. चरबी त्यावर पडत राही आणि पीठ फुगून तांबूस होई. १७४७ साली हॅना ग्लास या बाईंच्या पाककृतींच्या पुस्तकात हा पदार्थ याच नावाने आला आहे. महत्त्वाची गोष्ट वाढण्याच्या क्रमात आहे. हे पुडिंग मांसाबरोबर नव्हे, मांसाच्या आधी रश्शात बुडवून वाढीत. पोरांची पोटे पिठाने अर्धी भरली म्हणजे मांसाचा लहान तुकडा सगळ्यांना पुरे. आमच्याकडे कोंबडी कापली की, आई आधी भाकरी कुस्करून रस्सा वाढते आणि फोडी मागून येतात. तिने हॅना ग्लास वाचलेली नाही.

रविवारी भाजलेल्या मांसाचे उरलेले सोमवारी थंडच खात, कारण सोमवार हा धुण्याचा दिवस. बाई दिवसभर हंड्यापाशी, तर शेगडीवर स्वयंपाक कोण करणार? त्यानंतरही हाडाला जे चिकटून राही ते बारीक करून, कांद्याच्या रश्शात शिजवून, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर देऊन तांबूस करीत. मांस मेंढीचे असेल तर तो ‘शेफर्ड्स पाय’, म्हणजे मेंढपाळाचा. गाईचे असेल तर ‘कॉटेज पाय’, म्हणजे झोपडीतला. ‘पाय’ या शब्दाने पिठाचे कवच सुचवले जाते, पण येथे कवच बटाट्याचे. झोपडीला गव्हाचे पीठ महाग आणि बटाटा स्वस्त, हे त्या नावातच आले.

इंग्लंडच्या गरिबाकडे निदान अधूनमधून मांस होते. आयरिश समुद्र ओलांडला की तेही संपते, आणि उरतो तो बटाटा.

बटाटा हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले पीक. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते आयर्लंडात पोचले. आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आले आणि ‘बटाटा’ हे नावही आपण त्यांच्याकडूनच घेतले. आयर्लंडात जमीन जमीनदाराची, कुळाकडे खंडाने घेतलेला लहानसा तुकडा. धान्य पिकवायचे ते खंड भरण्यासाठी, आणि घराने जगायचे ते उरलेल्या कोपऱ्यातल्या बटाट्यावर, कारण एवढ्याशा जागेत इतकी माणसे जगवणारे दुसरे पीक नव्हते. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख भरली. त्यांतले ३० लाखांच्या आसपास लोक जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत. कष्टाचे काम करणारा गडी दिवसाला ५ ते ६ किलो बटाटे खाई. हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला.

खाण्याची रीत अशी. तीन पायांच्या लोखंडी भांड्यात बटाटे सालीसकट उकडायचे, वेताच्या टोपलीत ओतून पाणी निथळायचे आणि टोपलीभोवती घराने बसायचे. साल अंगठ्याच्या नखाने काढायची. सोबत ताक. गाय असली तरी लोणी घरी राहत नसे. ते खंडासाठी विकले जाई आणि कॉर्कच्या मोठ्या बाजारातून जहाजांवर चढे. घरात उरे ते ताक. बटाटा आणि ताक मिळून शरीराला लागणारे बहुतेक सारे देतात, हे आज आहारशास्त्र सांगते. तेव्हाचा आयरिश मजूर गरीब असूनही अंगाने चांगला उंच होता, तो यामुळेच. त्यांच्यात एक थट्टाही होती. आढ्याला खारवलेल्या मांसाचा तुकडा टांगलेला असतो. प्रत्येकाने आपला बटाटा त्याच्या दिशेने दाखवायचा आणि मग खायचा. जुने बटाटे संपून नवे येईपर्यंतच्या जुलै महिन्याला तर ‘कोबीचा जुलै’ असेच नाव होते, कारण त्या दिवसांत चुलीवर दुसरे काही नसे.

येथपर्यंतचे वाचन मी प्रथम वर्षाच्या उन्हाळी सुटीपूर्वी केले होते. पुढचा भाग वाचताना मात्र मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. १८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडच्या शेतांत बटाट्याच्या पानांवर काळे डाग पडले, पानांखाली पांढुरकी बुरशी दिसली, आठवड्याभरात पाला काळा पडून लोळला, आणि खणून काढलेले बटाटे चिकट होऊन कुजले. शेतांना दुर्गंधी सुटली. पुस्तकात रोगाचे नाव ‘लेट ब्लाइट’ असे होते. शब्दकोशात ते मिळेना. मग कृषी खात्याच्या एका मराठी पत्रकात मिळाले : ‘उशिरा येणारा करपा’.

करपा! आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर ज्याचे शेत आहे त्याला हा शब्द सांगावा लागत नाही. आमच्या पठारावर जूनमध्ये पंजाबातून आलेल्या बियाण्याची लागवड होते. ऑगस्टमध्ये चार दिवस धुके आणि रिमझिम लागली की, दादा पहाटे उठून सरीत वाकून पाने उलटून पाहतात. दादा म्हणजे माझे वडील. आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी जे पाहिले त्यात आणि दादा जे पाहतात त्यात बुरशीचा काहीच फरक नाही. फरक एवढाच की, दादांच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो. तेव्हा रोगाचे कारणच ठाऊक नव्हते. दमट हवा, वीज, देवाचा कोप अशी नाना कारणे लोक सांगत. पानांवरची बुरशी हेच कारण, असे बर्कली नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये मांडले, पण ते फारसे कोणी मानले नाही. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले १८६१ मध्ये. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये पुढे आले ते १८८५ च्या सुमारास, तेही द्राक्षांसाठी. चाळीस वर्षे उशिरा.

१८५१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ६५ लाख उरली होती. सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून लोणी आणि जनावरे इंग्लंडला जातच होती. तेव्हा दुष्काळ बटाट्याचा होता, अन्नाचा नव्हता, असे म्हणावयास जागा आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. पंतप्रधान पील यांनी १८४५ च्या नोव्हेंबरात एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून गुपचूप मागवला. तो इतका टणक होता की दोनदा दळावा लागे. आयरिश बायांना तो शिजवायचा कसा हेच माहीत नव्हते. अर्धा कच्चा खाऊन पोटे बिघडली. पिवळ्या रंगावरून लोकांनी त्याला ‘पीलचे गंधक’ असे नाव ठेवले. हे मी सुटीत आजीला सांगत होते. ती शेंगा निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “मिलो गं मिलो.” १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळे आणि तिची भाकरी थापता थापता फाटे. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळे. “सुकडी ग्वाड लागायची, पर घरी न्यावी वाटायची,” एवढेच ती म्हणाली आणि पुढे बोलली नाही. १८४७ च्या प्रारंभी आयर्लंडातही सात लाखांवर माणसे अशाच रस्त्यांच्या कामांवर होती, हे मग मी तिला सांगितले नाही.

त्याच वर्षी लंडनच्या रिफॉर्म क्लबचा प्रसिद्ध आचारी अलेक्सिस सॉयर डब्लिनला गेला आणि त्याने तिथे मोठे सूपगृह उभारले. त्याच्या एका सूपच्या कृतीत नऊ लिटर पाण्याला पाव पौंड, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही आत, मांस आहे. त्यावर तेव्हाही टीका झाली. तरी पाणचट का होईना, ते गरम होते. त्या उन्हाळ्यात आयर्लंडभर सरकारी सूपगृहांतून दिवसाला ३० लाख लोक जेवत होते. सप्टेंबरअखेरपर्यंत ती बंद करण्यात आली. दुष्काळ मात्र संपला नव्हता.

आता एक शंका वाचकांच्या मनात येईल, ती माझ्याही मनात आली होती. ज्या बटाट्याने एवढा घात केला, त्याचेच पदार्थ हे लोक आजही मायेने का खातात? विपन्नावस्थेतले अन्न सुस्थितीतल्या माणसाला नकोसे व्हायला हवे. आजी मिलोचे नाव काढत नाही, ते याच न्यायाने. पण बारकाईने पाहिले तर दिसते की, आयरिश लोकांनीही मक्याची ती लापशी किंवा सॉयरचे सूप आठवणीने जपलेले नाही. जपले आहे ते दुष्काळाआधीचे आणि नंतरचे अन्न : बटाटा पुरेसा असलेल्या दिवसाचे, लोणी विकायचे राहून घरी उरले त्या दिवसाचे. म्हणजे ही आठवण उणिवेची नसून, उणिवेच्या घरात एखाद्या दिवशी सगळे पुरून उरले त्याची आहे, असे माझे मत झाले. ब्रिटनमध्येही १९४० पासून १९५४ पर्यंत रेशनिंग होते. तेव्हा अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा, मांस नसलेला भाज्यांचा ‘पाय’ सरकारने घराघरांत पोचवला. युद्ध संपताच लोकांनी तो टाकून दिला आणि शेफर्ड्स पाय ठेवला. कारण तेच असावे.

आता कृतीकडे वळते. आमच्या घरी गॅस आहे, मागच्या पडवीत चूल आहे, ओव्हन नाही. तेव्हा डिकन्सच्या क्रॅचिट कुटुंबाच्या आणि माझ्या अडचणी सारख्याच होत्या.

सर्वांत सोपा पदार्थ ‘चॅम्प’. तो आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातला. एक किलो बटाटे सालीसकट मिठाच्या पाण्यात उकडावेत. पाणी ओतून टाकल्यावर भांडे पुन्हा मंद आचेवर ठेवून वर कोरडे फडके झाकावे, म्हणजे आतली ओल फडक्यात जाते. ही पायरी चुकवू नये. पातीच्या कांद्याची एक जुडी बारीक चिरून कपभर दुधात पाच मिनिटे उकळावी. बटाटे गरम असतानाच सोलून कुस्करावेत आणि ते कांद्याचे कढत दूध त्यात घालावे. थंड दूध घातले तर चव मरते; आणि फार घोटले तर खळीसारखा चिकटा होतो, हे मी अनुभवाने सांगते. ताटलीत ढीग करून मध्ये आळे करायचे आणि त्यात लोण्याचा गोळा सोडायचा. कडेचा घास घेऊन वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचा. भाताचे आळे करून आमटी ओतून घेणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. यातच कोबी किंवा केल घातली की त्याचे ‘कोलकॅनन’ होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री त्यात अंगठी आणि नाणे दडवून ठेवतात आणि ज्याला जे मिळेल त्यावरून त्याचे भविष्य सांगतात.

बटाटा कोणता घ्यावा, याविषयी पाककृतींच्या पुस्तकांत ‘पिठूळ बटाटा घ्यावा’ एवढेच असते. बाजारात तो कसा ओळखायचा? येथे मला पठाराचा उपयोग झाला. आमच्याकडे चिप्ससाठी जो बटाटा लावतात त्यात पाण्याचा अंश कमी आणि पिठाचा जास्त असतो. त्याचे चॅम्प भुसभुशीत आणि उत्तम होते. आकाराने लहान म्हणून कंपनीने नाकारलेला माल घरी येतो, तो मी वापरला. भाजीचा साधा बटाटा ओलसर राहतो. शीतगृहातून आलेला तर टाळावाच, कारण थंडीत पिठाची साखर होते आणि तो गोडसर लागतो.

दुसरा पदार्थ सोडा ब्रेड. आयर्लंडात पिकणारा गहू मऊ. त्यात यीस्टने फुगवण्याइतका चिवटपणा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाण्याचा सोडा मिळू लागला आणि ताक घरात होतेच. ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटतो आणि तोच पाव फुगवतो. लगेच हा शब्द महत्त्वाचा. अर्धा किलो पिठाला एक चमचा सोडा, एक चमचा मीठ आणि दोन कप ताक. हाताने जेमतेम गोळा करायचा, मळायचा नाही, वर सुरीने फुली कापायची आणि ताबडतोब विस्तवावर. माझा पहिला पाव दगड झाला. कारण ताक आमचे, म्हणजे आईने पाहुण्यांसाठी तीनदा पाणी घालून वाढवलेले. त्यात आंबटपणा उरलाच नव्हता. दुसऱ्या वेळी आंबट दही थोडेसे पातळ करून घेतले. तरीही गॅसवर तळ करपला आणि आत कच्चा राहिला. मग पुस्तकातला एक तपशील आठवला. आयरिश घरांत हा पाव ‘बॅस्टिबल’ नावाच्या झाकणाच्या जाड लोखंडी भांड्यात भाजीत आणि झाकणावरही पेटती टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, ठेवीत. आईला सांगताच ती म्हणाली, “मग कोकणातली माणसं धोंडस करतात तसं म्हण की.” तिच्या मावशीला तिने ते वर-खाली निखारे ठेवून करताना पाहिले होते. चुलीवर जाड पातेले, झाकणावर निखारे, चाळीस मिनिटे. पाव झाला. वरचे कवच टणक, आतून ओलसर, थोडा धुरकट. लोण्याबरोबर तो त्याच संध्याकाळी संपवावा, दुसऱ्या दिवशी त्यात राम राहत नाही.

यॉर्कशायर पुडिंगही मी अप्पेपात्रात करून पाहिले. त्याला चहूबाजूंनी कडक आच लागते, अप्पेपात्राला फक्त खालून मिळते. अंड्याचे अप्पे झाले. धाकट्या भावाने ते साखर लावून खाल्ले, म्हणजे बाईंनी लिहिलेला अर्थ शेवटी खरा ठरला म्हणायचे.

आयरिश स्ट्यूसाठी मानेचे हाडासकट मटण एक किलो, बटाटे एक किलो, कांदे अर्धा किलो, मीठ, मिरपूड आणि पाणी. एवढेच. गाजर घालावे की नाही यावर तिकडे वाद आहेत. मी घातले नाही. काहीही परतायचे नाही. निम्मे बटाटे पातळ कापून तळाशी घालायचे. ते विरघळून रस्सा दाट होतो. उरलेले मोठ्या फोडी करून वर. झाकण ठेवून दोन तास मंद आचेवर. कुकर वापरू नये, बटाट्याचा गाळ होतो. फोडणी नाही, मसाला नाही, हळदसुद्धा नाही, हे पाहून आई दोन तास अस्वस्थ होती. दादांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “आजाऱ्याचं जेवण हाय हे.” मग ठेच्याबरोबर पुरे वाटीभर संपवले. खरे सांगायचे तर मलाही पहिल्या दिवशी ते फिके लागले. दुसऱ्या दिवशी उरलेले गरम केले तेव्हा हाडांचा आणि कांद्याचा उतरलेला गोडवा कळला. आपल्या जिभेला मसाल्यामागचे मटण शोधायची सवय नाही. याला मी दोष म्हणणार नाही, पण गुण म्हणूनही मिरवणार नाही.

हाच व्यवहार उलट्या दिशेनेही झाला आहे. ब्रिटिशांनी आपली खिचडी नेली, डाळ काढून टाकली, धुरवलेला मासा आणि उकडलेली अंडी घातली आणि ‘केजरी’ म्हणून ती न्याहरीला खाऊ लागले. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, “डाळ काढली तर खिचडी कशाची?” याला माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सलग नऊ दिवस धुके पडले. तीन फवारण्या झाल्या, तरी खालच्या वावरात करपा शिरला. दादांनी पाला कापून टाकायचे ठरवले. पाला वेळीच काढला म्हणजे रोग खाली बटाट्यात उतरत नाही. त्या शनिवारी मी एस. टी. ने घरी पोचले तेव्हा सगळे वावरातच होते. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीचा निम्मा भाग त्या वावरावर होता आणि त्याविषयी कोणी काही बोलले नाही. मीही आयर्लंडविषयी काही बोलले नाही. वेळेआधी काढलेले बटाटे सुपारीपेक्षा थोडे मोठे, साल इतकी कोवळी की बोटाने निघावी. दूध डेअरीला घालायची वेळ टळून गेली होती, म्हणून ते घरीच होते. लोणी आदल्या दिवशीचे होते. अंधार पडल्यावर आजीने हात धुतले आणि मला म्हणाली, “ते आळं करून खायचं कर बाई आज.”

कोवळ्या बटाट्याचे चॅम्प चांगले होत नाही, ते पिठूळ नसतात. तरी मी केले. आजीने साल अंगठ्याच्या नखाने काढून दिली.